मागे असलेल्या मुलांची हजेरी

आमच्या शाळेवर प्रेम करणारी माणसं खूप आहेत. त्यांच्यातल्या एकाचंही मूल त्या शाळेत नाही.

हे मी भर सभेत बोलले होते आणि तेव्हा बऱ्याच खुर्च्या करकरल्या होत्या. सभा माजी विद्यार्थ्यांची होती, शाळेच्याच हॉलमध्ये. हॉल म्हणजे दोन वर्गांमधलं लाकडी पार्टिशन बाजूला सरकवलं की जे होतं ते. व्यासपीठावर बसलेल्यांत एक डॉक्टर होते, एक निवृत्त एसीपी होते, बँकेतून रिटायर झालेले आमचे अध्यक्ष होते. प्रत्येकाने माइक धरून सांगितलं की ह्या शाळेने मला घडवलं. मी हात वर केला आणि विचारलं, मग तुमच्या नातवंडांना का घडू देत नाही? आई मागच्या रांगेत बसली होती. घरी जाताना म्हणाली, तुला एक दिवस लोक सभेला बोलवायचं बंद करतील. मी म्हटलं, मला बोलवतं कोण, मीच जाते.

परळ आणि लालबागच्या मधल्या पट्ट्यातली ही पालिकेची मराठी प्राथमिक शाळा. आई हिच्यातच शिकली, मीही. आईच्या वेळी कोकणातल्या गिरणी कामगाराची मुलगी आणि आमच्या बौद्ध चाळीतली मुलगी एकाच बाकावर बसायच्या. डबा खायच्या वेळी मात्र बाकं बदलायची. हे आई सहज सांगते. आठवणींच्या कार्यक्रमात हे कोणी सांगत नाही, तिथे फक्त एकच बाक असतं. माझ्या वेळेपर्यंत बाकांची अदलाबदल थांबली होती, पण बाकंही कमी भरायला लागली होती. कोणी विरारला गेलं, कोणी बदलापूरला. ज्यांच्या खोल्या इथेच राहिल्या त्यांनी पोरांना इंग्रजी शाळेत घातलं. माझ्या मामेबहिणीनेही घातलं. मी तिच्याशी भांडले. ती म्हणाली, तू तुझ्या पोराला घाल आणि मग बोल. मला मूल नाही, त्यामुळे तो वाद तिथेच अडकून पडलाय.

तर आता ह्या शाळेत शिकतं कोण, ते ऐका. टॉवरच्या वॉचमनची मुलं. त्यातली काही भोजपुरी बोलणारी, काही नेपाळी. टॉवरमध्ये झाडलोट करणाऱ्या बायकांच्या मुली. जुन्या गिरणीच्या भिंतीला लागून पत्र्याच्या खोल्यांची एक वस्ती आहे, तिथली सोलापूर-विजापूरकडची मुलं, घरात कानडी बोलणारी. बीड-परभणीकडची थोडी. आणि आमच्या चाळींतली अगदी मोजकी, ज्यांना दुसरीकडे जाणं जमलं नाही ती. मराठी शाळा वाचवा म्हणून गळा काढणाऱ्यांनी एकदा वर्गात येऊन कान देऊन बसावं. मराठी शाळा आज कोणी जगवलीये? ज्यांची आई मराठी बोलत नाही त्या पोरांनी.

शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही सगळे मोठ्या बाई म्हणतो, त्यांची ह्या मुलांसाठी एक रीत आहे. नवीन मूल आलं की त्याला पुस्तक देत नाहीत. वर्गातलं सगळ्यात बडबडं पोर शोधतात आणि त्याच्या शेजारी नव्याला बसवतात. बडबड्याला सांगून ठेवतात, ह्याच्याशी बोलत राहा, ओरडा मी खाईन. काही आठवडे ते नवं मूल नुसतं ऐकतं. मग एक दिवस ते बडबड्याशी भांडतं, मराठीत भांडतं, आणि बाई म्हणतात, चला, आता अक्षरं सुरू. पहिलीपासून जी मुलं टिकली ती चौथीपर्यंत घडाघडा वाचतात. जी मध्येच आली ती अडखळतात, आणि त्यांच्या आईबापांची कामं संपली की ती मध्येच निघूनही जातात. त्यांच्या जागी पुन्हा नवी. म्हणजे ह्या शाळेच्या निकालावरून शाळा चांगली की वाईट हे कळत नाही. कुठल्या टॉवरचं काम कधी सुरू झालं आणि कधी संपलं, एवढं कळतं.

हे पालिकेच्या ऑफिसात कोणाला समजावायचं? त्यांच्याकडे एक शब्द आहे, सरासरी. गेल्या वाचन चाचणीत आमची सरासरी खाली गेली होती. पटही कमी झाला होता. दोन्ही मिळून ठरलं की ही शाळा हमरस्त्यापलीकडच्या, पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत विलीन करायची. त्याआधी अधिकारी एकदा येऊन पाहणार होते. किती मुलं खरोखर येतात आणि त्यांना वाचता येतं का, ह्या दोन गोष्टी ते बघणार होते आणि त्यांच्या अहवालावर निर्णय होणार होता.

मला ही बातमी कळली तेव्हा मी शाळेच्या फाटकाशीच होते. माझ्या बाजूला एक बाई उभी होती. पत्र्याच्या वस्तीतली, टॉवरमध्ये हाऊसकीपिंगला जाणारी, माझ्याहून फार तर चारपाच वर्षांनी मोठी. तिची मुलगी तिसरीत बसायची, दिवाळीनंतर आलेली. मी तिला सांगितलं की शाळा पलीकडे जाईल कदाचित. तिने पुलाकडे पाहिलं आणि मग मुलीकडे.

“मग ही घरीच,” ती म्हणाली.

मी विचारलं, का? पलीकडेच तर आहे. तिने मला जे सांगितलं ते कुठल्याही ऑफिसातल्या नकाशावर दिसणार नाही. ती पहाटेच्या ड्युटीला जाते. नवरा सेंट्रिंगच्या कामावर, तो तिच्याही आधी निघतो. मुलगी धाकट्या भावाला उठवते, तोंड धुवून देते, त्याला ह्याच शाळेच्या तळमजल्यावरच्या बालवाडीत सोडते आणि मग वर आपल्या वर्गात जाते. सगळा रस्ता गल्लीतून, वाटेत एकही गाडी नाही. पुलाखालून मात्र डंपर वळतात. एवढ्या पोरीने धाकट्याला इथे सोडून एकटीने तो रस्ता ओलांडायचा, हे ती होऊ देणार नव्हती. तिच्या गावाकडच्या दोघी मुली अशाच घरी बसल्या होत्या, भाऊ सांभाळत. त्यांच्या आयांनीही आधी म्हटलं होतं की एक वर्षच.

तेव्हापासून माझ्यासाठी ही भाषेची आणि वारशाची लढाई राहिली नाही. ती पोरगी शाळेत राहते की घरी बसते, एवढाच प्रश्न उरला.

मी पत्रकं लिहिते. शाळेत असल्यापासून लिहितेय. जयंतीची, पाणी येत नाही म्हणून मोर्चाची, चाळीच्या पुनर्विकासाची. पत्रक कसं लिहायचं ते मला आमच्या विहारातल्या थोरल्यांनी शिकवलं. पहिल्या ओळीत मागणी, दुसऱ्या ओळीत कारण, आणि विशेषणं शेजारच्या मंडळाला देऊन टाकायची. शाळेसाठी मी लिहिलं: आमची शाळा हलवू नका. इथे येणारी लहान मुलं एकटी चालत येतात. जी मुलं वाचनात मागे आहेत त्यांच्यासाठीच ही शाळा जवळ हवी.

मसुदा घेऊन मी माजी विद्यार्थी मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले, कारण छपाई मंडळ करणार होतं. काका म्हणते मी त्यांना. माणूस मालवणचा, लालबागमध्ये वाढलेला, आता ठाण्याला राहणारा. गणपतीत दहा दिवस मंडपाच्या माइकवर असतो आणि उरलेलं वर्षभर तसाच बोलतो. त्यांनी मसुदा वाचला आणि तिसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं.

“गो बाय, मागे आहेत म्हणून कोण सांगतं स्वतःच्या तोंडाने? मुलगी बघायला पाहुणे येतात तेव्हा आपण काय सांगतो, हिला भाकरी येत नाही?”

मी म्हटलं, काका, हे पाहुणे नाहीत, हे ठरवणारे आहेत. ते म्हणाले, तेच तर. मी म्हटलं, जे आहे ते सांगू. ते म्हणाले, तुका सगळा समजता, पण लोकांका काय आवडता तां समजणा नाय. बाकीचे हसले. मग मंडळाने मतदान घेतलं आणि माझं तिसरं वाक्य गेलं. त्याच्या जागी काकांचं आलं, मोठ्या टायपात: आमच्या शाळेत एकही मूल मागे नाही! उद्गारचिन्हही त्यांचंच.

आमच्या भागात पत्रक कोणाच्या हातात देऊन भागत नाही. सकाळी बायकांचे हात पिठात नाहीतर साबणात असतात. म्हणून जिन्याच्या तोंडाशी उभं राहून मोठ्याने वाचायचं आणि मग दाराच्या कडीत अडकवून पुढे जायचं, अशी इथली जुनी पद्धत. चाळी मी वाचल्या. पत्र्याची वस्ती काकांनी घेतली, म्हणाले, तिथे खडा आवाज लागतो, पत्र्यावर कावळे असतात. त्यांनी पत्रक वाचलं आणि वर स्वतःच्या पदरचं एक वाक्य घातलं. अधिकारी अमुक दिवशी येतायत, मुलं वाचताना ऐकणार आहेत, तेव्हा बायांनो, शाळेची लाज तुमच्या हातात आहे.

बायांनी ऐकून घेतलं. कोणी काही विचारलं नाही. काकांना वाटलं भाषण रंगलं.

तपासणीच्या दिवशी मी सकाळीच शाळेत गेले. काकाही आले होते, कडक इस्त्रीचा सफारी घालून. अधिकारी उतरत्या वयाचे, बारीक आवाजाचे गृहस्थ होते. चपला वर्गाबाहेर काढून आत आले. हे मला आवडलं, पण मी ते चेहऱ्यावर दाखवलं नाही. तिसरीच्या वर्गात त्यांनी एका मुलीला उठवलं. तिने न अडखळता वाचलं. दुसऱ्याला उठवलं, त्यानेही. चौथीत एका वॉचमनच्या मुलाने तर पानभर वाचून पुढचं पान उलटलं आणि बाईंनी पुरे म्हटल्यावर नाराज झाला. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या काकांनी मला कोपराने ढोसलं. बघितलंस? एकही मूल मागे नाही.

मी मात्र बाकं बघत होते.

मोठ्या बाईंनीही बघितली होती. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच तसा पाहिला. अर्धा वर्ग रिकामा होता. दुसरीतही तेच, चौथीतही तेच. बडबड्या पोरांच्या शेजारच्या जागा सगळ्या मोकळ्या, आणि ती बडबडी पोरं गप्प बसलेली.

अधिकाऱ्यांनी पुस्तक मिटलं. वाचन छान आहे म्हणाले, मनापासून म्हणाले. आणि मग विचारलं, पण बाई, मुलं कुठे आहेत तुमची? पटावर आहेत तेवढीही येत नसतील तर मी काय लिहू?

बाई हजेरीचं पुस्तक पुन्हा उलटून बघायला लागल्या. कालपर्यंत सगळी येत होती. साथ नव्हती, सण नव्हता. मी तिथे थांबलेच नाही. जिना उतरून गल्लीतून वस्तीत गेले.

तिथे जे दिसलं ते बघून मी मध्येच उभी राहिले. सगळी मुलं दारादारांत बसली होती. आंघोळ केलेली, भांग पाडलेली, गणवेश घातलेली. कोणी आजारी नव्हतं, कोणी कामाला गेलं नव्हतं. दप्तरंसुद्धा मांडीवर होती. शाळेत जायला निघालेली मुलं जणू कोणीतरी उंबऱ्यावर थांबवून ठेवली होती. बोलत होती तीही हळू आवाजात, घरात कोणी झोपलं असावं तशी.

हाऊसकीपिंगवाली नुकतीच ड्युटीवरून आली होती. मुलगी तिच्या पायाशी बसली होती. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, ताई, हे काय चाललंय? पोरीला का नाही पाठवलं?

ती माझ्याकडे बघत राहिली, मला इतकं साधं कसं कळत नाही अशा नजरेने.

“मागं हाय की ही. हिला कुठं वाचता येतंय? ही आली असती तर तुमचा कागद खोटा पडला असता.”

हळूहळू सगळं कळलं. काका गेल्यावर बायका नळावर जमल्या होत्या, टॉवरच्या वॉचमनच्या बायकाही. कानडी, भोजपुरी आणि हिंदीत मिळून त्यांनी निर्णय घेतला होता. ज्यांची मुलं वाचतात त्यांनी पाठवायची, ज्यांची अडखळतात त्यांनी त्या दिवसापुरती घरी ठेवायची. कोणाचं मूल कुठल्या बाजूला, ह्यावर भांडणसुद्धा झालं नाही. प्रत्येकीला आपापल्या मुलाचं माहीत होतं. ह्या शाळेला त्यांनी द्यायचं ठरवलेलं हे देणं होतं. शाळेने त्यांच्या मुलांना घेतलं होतं, कागद मागितले नव्हते, जात विचारली नव्हती, भाषेवरून हाकललं नव्हतं. मग शाळेवर वेळ आली तेव्हा तिची लाज राखायला त्यांनी आपली मुलं लपवली.

मला राग आला, आणि तो त्यांच्यावर नव्हता. नामवंत शाळा हेच तर करतात. मुलाखत घेतात, चाळणी लावतात, मागे पडणारं मूल दारातच परत पाठवतात, आणि मग निकालाचा फलक रस्त्यावर लावतात. त्याला गुणवत्ता म्हणतात. हे सगळं ह्या बायकांना कोणी शिकवलं नव्हतं. आमच्या एका वाक्यावरून त्यांना ते बरोबर समजलं होतं. चांगली शाळा म्हणजे जिथे आपलं पोर नाही ती.

मी तिला सरळ सांगितलं. साहेब दोन गोष्टी बघायला आलेत, वाचन आणि हजेरी. वाचन झालं. आता बाकं रिकामी आहेत म्हणून शाळा जाईल. कागदावरचं ते वाक्य चुकीचं होतं, ते विसर. तुझी पोरगी तिथे हवी, वाचता येत नसेल तरी.

ती म्हणाली, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर उठवलं म्हणजे? हसतील की पोरं तिला. मी म्हटलं, हसतील कदाचित. मी तिला खोटं सांगणार नव्हते. मग म्हटलं, आज हसले तर ती एक दिवस रडेल. शाळा गेली तर घरी बसेल.

ती पोरीकडे वळली आणि कानडीत काहीतरी बोलली. मुलगी उठून उभी राहिली, दप्तर पाठीवर घेतलं. मग त्या बाईने दारातूनच हाक मारली, आधी कानडीत, मग हिंदीत, आणि तिच्या आवाजापुढे काकांचा माइक फिका होता. दारं सुटली. मला काहीच करावं लागलं नाही. ती पुढे, तिच्या मागे मुलं, त्यांच्या मागे काही आया, एक आजोबा, आणि सगळ्यात मागे मी.

शाळेत शिरलो तेव्हा अधिकारी ऑफिसात बसून कागद आवरत होते. खिचडीची घंटा व्हायची होती. एवढी मुलं जिन्यावर पाहून काका धावत आले आणि परिस्थिती सावरायला लागले. साहेब, ही मुलं जरा आजारी होती, वस्तीत सर्दीतापाची साथ आहे, तरी बघा कशी आली, शाळेची ओढ.

“आजारी न्हाईत साहेब,” हाऊसकीपिंगवाली म्हणाली. “मागं हाईत. म्हणून घरी ठिवली होती.”

काकांनी कपाळाला हात लावला. अधिकाऱ्यांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. बाई ऑफिसच्या दारात उभ्या होत्या. वीसेक वर्षं त्यांनी ऑफिसातल्या माणसांना हो सर म्हणून वाटेला लावलेलं मी ऐकलं आहे. ह्या वेळी त्या हो सर म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, साहेब, ह्या मुलांना अजून वाचता येत नाही. काही दिवाळीनंतर आली, काही गेल्या महिन्यात. आत्ता जी तुमच्यासमोर घडाघडा वाचून गेली, तीही अशीच आली होती. तुम्हाला लिहायचं तर दोन्ही लिहा. नाहीतर सकाळचंही खोडा.

अधिकाऱ्यांनी त्या मुलीला जवळ बोलावलं. पुस्तक तिच्यापुढे उघडं धरलं. तिने पानाकडे पाहिलं, एक अक्षर ओळखलं, दुसरं ओळखलं, त्यांचं मिळून काय होतं ते तिला जमलं नाही. मागून एक पोर हसलं आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या बडबड्या मुलीने त्याला फटका दिला. अधिकाऱ्यांनी पुस्तक बाजूला ठेवून चित्राकडे बोट केलं, हे काय चाललंय इथे? बाजाराचं चित्र होतं. ती बोलायला लागली. ही बाई भाजी इकतीय. ही घेणारी म्हणती लई महाग. हा पोरगा आईला दिसंना म्हणून रडतोय, पण आई हितंच हाय, टोपलीच्या मागं. अधिकाऱ्यांनी चष्मा सारखा करून चित्र परत पाहिलं. टोपलीच्या मागे खरंच एक बाई होती.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. ती वाचू शकली नाही ते नाहीच. अधिकाऱ्यांनी फक्त विचारलं, ही बाजारातली मराठी हिला कुठून आली? बाईंनी बडबडीकडे बोट दाखवलं.

मग मी हजेरीचं काढलं. सकाळची हजेरी झाली होती आणि अधिकाऱ्यांनी आपला आकडा तिच्यावरूनच टिपला होता. मी म्हटलं, मुलं समोर उभी आहेत, मोजा. त्यांनी मला विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, माजी विद्यार्थिनी. काका मागून म्हणाले, आमचीच आहे, जरा तापट आहे. मी म्हटलं, तापट आहे हेही लिहा. अधिकारी हसले नाहीत, पण त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मोठ्या बाईंना म्हणाले, जेवणानंतरची हजेरी तुम्ही रोज घेताच ना? मग आज मी ती होईपर्यंत थांबतो.

ते थांबले. पोरांनी खिचडी खाल्ली, त्यांनीही एका ताटलीत घेतली. जेवणानंतर प्रत्येक वर्गात हजेरी झाली. तिसरीत त्या मुलीचं नाव आलं तेव्हा ती इतक्या मोठ्याने हजर म्हणाली की बाई म्हणाल्या, अगं, ऐकू येतं मला. तिची आई दाराबाहेर उभी होती. वर्गात चालू असलेली हजेरी तिने पहिल्यांदाच पाहिली होती, असं मागाहून तिनेच सांगितलं.

निर्णय यायला बराच वेळ लागला आणि आला तो अर्धाच आला. पाचवीपासूनचे वर्ग पलीकडच्या शाळेत जाणार, पहिली ते चौथी आणि बालवाडी इथेच राहणार. काकांनी ह्याला विजय म्हटलं. मी नाही म्हटलं. पाचवीतल्या मुलांनाही डंपर दिसतात, आणि त्यांच्यासाठी सिग्नलला माणूस मिळावा म्हणून आम्ही अजून ऑफिसच्या पायऱ्या झिजवतोय. मिळेल. न देऊन सांगतात कोणाला?

काका काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग स्वतःच फोन केला आणि विचारलं, आता काय करायचं सांग. मी म्हटलं, वर्गात जाऊन बसा, मुलांशी बोला, त्यांना मराठी ऐकायला माणूस हवाय. ते गेले. अख्खा तास त्यांनी आपल्या काळचे गुरुजी कसे छडी मारायचे ते सांगितलं. पोरं खूश झाली, पण मोठ्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, एवढंही मराठी नको गं. आता काका शनिवारी बालवाडीला गोष्ट सांगतात. बालवाडीला छडी हा विषय चालत नाही, त्यामुळे ठीक चाललंय.

पुढच्या वाचन चाचणीला एकही मूल घरी राहिलं नाही, आणि सरासरी आधीपेक्षाही खाली आली. येणारच होती. मंडळातल्या एकाने मला निकालाचा फोटो पाठवला, खाली रडका चेहरा. मी त्याला लिहिलं की ह्यात सगळ्यांची मुलं आहेत, तुझं सोडून. त्याने मला ग्रुपमधून काढलं. दुसऱ्याने परत घेतलं.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मी फाटकाशी पेढे घेऊन उभी होते, चौथीत जाणाऱ्यांना द्यायला. हाऊसकीपिंगवालीने ड्युटी बदलून घेतली होती, तेवढ्या एका दिवसापुरती. मुलीच्या एका हातात धाकटा आणि दुसऱ्या हातात नवीन आलेली एक तिच्याच वयाची मुलगी, वस्तीतलीच, कालच गावाहून आलेली, रडून डोळे सुजलेली. मी पेढा पुढे केला आणि विचारलं, हिला कोणाच्या शेजारी बसवणार?

“माझ्या,” मुलगी म्हणाली, आणि त्या रडकीला ओढत आत गेली. चालताना एकसारखी बोलत होती, मराठीत. रडकीला त्यातलं काही कळत नव्हतं. हाऊसकीपिंगवाली माझ्या हातातला पेढ्यांचा पुडा बघत म्हणाली, वाटेत उभ्या ऱ्हाऊ नका ओ ताई, मागनं पोरं यायलीत. मी बाजूला झाले.